माझ्या पुस्तकाचं हळदीकुंकू

माझ्या प्रकाशकाला माझ्या कुकरची वेळ बरोबर कळते. मी डाळ लावली की नागपूरहून त्याचा फोन येतो. दिवाळीनंतर असाच आला आणि इकडची तिकडची चौकशी न करता त्याने सांगितलं, "मॅडम, पुस्तक हलत नाहीये." जसं काही पुस्तकाला अर्धांगवायू झाला होता आणि घरचं माणूस म्हणून मला कळवणं भाग होतं.

पुढे तो म्हणाला की हल्ली लिहिणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे मार्केटिंग, आणि ते लेखकानेच करायचं असतं. त्याच्या गोदामात जागा नव्हती, म्हणून उरलेल्या प्रती तो माझ्याकडे पाठवणार होता. त्या संपल्या तर दुसऱ्या पुस्तकाचं बघू, नाही तर अवघड आहे. "रोज थोडा वेळ काढायचा. तुम्हाला काय मॅडम, वेळच वेळ."

हे 'तुम्हाला काय' मी विधवा झाल्यापासून ऐकत आले आहे. नवरा गेला की बाईकडे आपोआप वेळ साठतो, अशी बालाघाटपासून नागपूरपर्यंत सगळ्यांची समजूत आहे. माझा दिवस असा असतो: पहाटे नळ येतो, तो भरायचा. मग सगळ्यांचे डबे. मग कार्यालय. नवऱ्याच्या जागेवर मला अनुकंपा नोकरी मिळाली, स्थापना शाखेत. तिथे दिवसभर मी दुसऱ्यांच्या रजेच्या अर्जांवर हिंदीत टिपणी लिहिते. कोणाला किती वेळ हवा आहे आणि कशासाठी, हे आमच्या कार्यालयात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नसेल. संध्याकाळी घरी आलं की दीर, धाकटी जाऊ, येणारे-जाणारे आणि पुन्हा तोच कुकर.

मग पुस्तक लिहिलं कधी, असं कोणी विचारत नाही, पण सांगते. लोकांच्या शुभकार्यांत लिहिलं. हळद, मेहंदी, डोहाळजेवण, हळदीकुंकू, जिथे जिथे सवाष्णींनी जायचं असतं, तिथे आमच्या घरचे सगळे जातात आणि मी घर राखते. "ताई आहेत न घरी," असं म्हणून मंडळी किरनापूरच्या लग्नाला नाही तर रामपायलीच्या बारशाला गाडीत बसली की मी आतून कडी लावायची आणि कागद काढायचे. माझ्या एकेका कथेमागे कोणाचं तरी लग्न आहे. संग्रहातली सगळ्यात लांब कथा लिहिली तेव्हा उकव्याच्या नातेवाइकांकडे लग्न होतं आणि ते चांगलं लांबलं होतं. आमच्या मध्य प्रदेशात सरकारी कागदावर आता आम्हाला विधवा म्हणत नाहीत, कल्याणी म्हणतात. नाव गोड आहे. मंडपात मात्र अजून कोणी कल्याणीला पुढे बोलावलेलं मी पाहिलं नाही.

तेव्हा माझ्याकडे जो वेळ होता, तो लोकांनी मला बाजूला बसवलं म्हणून होता, आणि त्याचं मी पुस्तक केलं होतं. आता त्यातूनच मार्केटिंगलाही वेळ काढायचा होता. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

घोडं आलं ते खोक्यांतून. दिराने ती बसस्टँडवरून आणली आणि घरातल्या बोळीत रचून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर जावेने मुगाच्या वड्यांची ताटं वाळत घातली. माझ्या साहित्याचा हा पहिला जाहीर उपयोग.

विक्रीशी मला फारसं देणंघेणं होतं असं नाही. दुसरं पुस्तक निघावं असं वाटत होतं, हे खरं. पण त्याहून जास्त वाटत होतं की कोणीतरी पहिलं वाचावं आणि वाचलं म्हणून मला सांगावं. बरं म्हणावं, वाईट म्हणावं, पण वाचलेलं असावं. हे मागणं काही फार मोठं नाही, अशी माझी समजूत होती.

प्रकाशकाने मला एका ऑनलाइन कार्यशाळेची लिंक पाठवली होती. विषय होता, लेखकांनी मार्केटिंगसाठी वेळ कसा काढावा. मी भाजी निवडता निवडता मोबाइल डब्याला टेकवून बसले. समोर एक तुकतुकीत गृहस्थ होते. त्यांच्या मागे पुस्तकांचं कपाट होतं आणि त्यातली पुस्तकं रंगाप्रमाणे लावली होती, म्हणजे ती कोणी वाचत नसणार हे उघड होतं. ते म्हणाले, पहाटे पाचला उठा, तो वेळ तुमचा एकट्याचा असतो. मी मनात म्हटलं, तो नळाचा असतो. ते म्हणाले, स्वयंपाकासारखी कामं दुसऱ्याला वाटून द्या. ते म्हणाले, लेखक हाच पुस्तकाचा चेहरा आहे, चेहरा सतत लोकांसमोर ठेवा. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस असाच प्रसन्न दिसतो. शेवटी त्यांनी त्यांच्या पुढच्या, पैसे भरायच्या कार्यशाळेबद्दल सांगितलं आणि त्याला मात्र पुष्कळ वेळ काढला.

तरी मी प्रयत्न केला. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुखपृष्ठ टाकलं. लगेच जोडलेले हात आले, गुलाबाची फुलं आली, 'हार्दिक शुभकामनाएं' आल्या. एका दूरच्या आतेसासूने 'भावपूर्ण' असं लिहून अर्ध्यात सोडून दिलं. ते त्यांना कुठे टाकायचं होतं कोण जाणे. पुस्तक कुठे मिळेल हे कोणी विचारलं नाही. कार्यालयात साहेबांना प्रत दिली. त्यांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि विचारलं, "अरे वा, मराठी में? हिंदी में क्यों नहीं लिखा? कोई पढ़ता तो." त्यानंतर पुष्कळ दिवस ती प्रत त्यांच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासाखाली होती.

भोपाळला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीला पहिली प्रत पाठवली होती. ती प्रामाणिक आहे. ती म्हणाली, "आई, मराठी वाचायला मला टाइम लागतो गं. इसका ऑडियो नहीं है क्या?" मला राग आला नाही असं म्हणणार नाही. राग आला, आणि तो माझाच मला आला, कारण तिला इंग्रजी शाळेत घालताना मीच रांगेत उभी होते.

मग आमच्या गावातल्या मराठी मंडळींनी माझा सत्कार ठेवला. रविवारची सकाळ गेली. शाल मिळाली, नारळ मिळाला, पुस्तक न वाचलेल्या माणसांची भाषणं मिळाली. मराठी कशी टिकवावी यावर सगळे बोलले, अर्धे हिंदीत. टेबलावर प्रती मांडल्या होत्या. येणारा प्रत्येक जण एक प्रत उचलून म्हणायचा, "ही आम्हाला भेट न?" आणि मी मान डोलवायची. घरी आल्यावर जावेने नारळ फोडून बर्फी केली. ती चांगली झाली होती.

माझी जाऊ पुस्तकं वाचत नाही, पण तिला खोकी सहन होत नाहीत. बोळीतून जाता-येता तिचा पदर खोक्याला अडकायचा. संक्रांत जवळ आली तशी ती एका संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली.

"ताई, तुमाले टाइम नाही भेटत न मार्केटिंगले?"

"नाही भेटत."

"मंग माह्या हळदीकुंकवात वाटून टाकू. औंदा वाण म्हणून पुस्तकच लुटू. गेल्या साली मी स्टीलच्या वाट्या देल्ल्या, साऱ्या नावं ठेवून राह्यल्या, पातळ हाये म्हणून. पुस्तकाले कोण पातळ म्हणन? एका दुपारी सारं मार्केटिंग. तुमाले काहीच नाही करा लागत."

मला हसू आलं आणि कल्पना पटलीही, हे वाईट. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या गावात मराठी बाया घरोघरी हळदीकुंकवाला जातात आणि जिच्याकडे जातात ती वाण लुटते. कधी डबी, कधी गाळणी, कधी चमचा. वाण परत करता येत नाही, नको म्हणता येत नाही. त्या तुकतुकीत गृहस्थांनाही असा बाजार सुचला नसता, जिथे गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सोयच नाही. मुखपृष्ठ काळं होतं. एरवी जावेने ते अशुभ म्हटलं असतं, पण संक्रांतीला काळं चालतं, नव्हे, लागतंच. प्रकाशकाने ते दूरदृष्टीने केलं असेल असं मला वाटत नाही.

कार्यशाळेतलं एकच वाक्य मी जावेला सांगितलं होतं, तेवढं तिने धरलं. लेखकाचा चेहरा लोकांसमोर हवा. तिने दिराला पाठवून माझ्या फोटोचं फ्लेक्स छापून आणलं. फोटो माझ्या सेवापुस्तिकेतला होता. सेवापुस्तिकेसाठी काढलेल्या फोटोत कोणताही माणूस आधीच थोडा गेलेला दिसतो. फ्लेक्स हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलं. ते कोरं-कोरं दिसतं म्हणून जावेने गणपतीच्या वेळची प्लास्टिकच्या झेंडूची माळ त्याच्यावरून सोडली. घाईत होती, मीही होते. आम्हा दोघींच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी दुपारी बाया आल्या. मी कुठे होते? स्वयंपाकघरात, दरवर्षीप्रमाणे. चहा, तिळाचे लाडू, चिवड्याच्या बशा. हॉलमध्ये माझा चेहरा लोकांसमोर होता आणि मी गॅससमोर. अत्तराचा वास आतपर्यंत येत होता. जावेचा आवाज ऐकू येत होता, "आमच्या ताईंनं लिहिलं हाये, घ्या, घ्या, वाण हाये." मला बरं वाटत होतं आणि वाईटही वाटत होतं, आणि दोन्हीसाठी हात मोकळे नव्हते.

तेवढ्यात मागच्या दाराने एक म्हातारी आत आली. कडेवर वर्षाचं पोर, हातात दुधाची बाटली. लांजीकडची होती. सुनेबरोबर आली होती. सून हॉलमध्ये, ही बाहेर पोर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर नातवाला घेऊन. कपाळ माझ्यासारखंच.

"बाई, थोडं गरम पानी भेटन का? पोट्ट्याचं दूध बनवाचं हाये."

मी पाणी ठेवलं. हॉलचं दार उघडं होतं. तिने तिकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग हळू आवाजात विचारलं, "फोटोतली ते बाई कवा गेली वं?"

"कोणती बाई?"

"ते माळ घातली हाये ते. तरनीच दिसते बिचारी. लिहे म्हंते न ते?"

मी झारा खाली ठेवला. "हौ," मी म्हटलं, "लिहे. मीच हाये ते."

तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. दुसरी कोणी असती तर जीभ चावली असती. ही चावली नाही. म्हणाली, "मंग तू इथी काय करून राह्यली? तुह्याच पुस्तकाचं चालू हाये न तिथी."

"अन् तुमी काहून बाहेर बसल्या?"

यावर ती हसली. दात थोडेच होते, पण हसणं पूर्ण होतं. मीही हसले. बाटलीत पाणी ओतून दिलं तरी हसू थांबत नव्हतं. ती पोराला घेऊन परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

मग जाऊ लगबगीने आत आली. "ताई, बाहेर या. साऱ्या सही मांगून राह्यल्या."

"मी? हळदीकुंकवात?"

"पुस्तकाच्या कामाले या न. हळदीकुंकवाले थोडी बोलावून राह्यली."

ती वाईट बाई नाही. तिने हे अगदी साधेपणाने म्हटलं, म्हणूनच ते मला लागलं. पण मी हात पुसले आणि गेले. एवढ्या वर्षांत हळदीकुंकू चालू असताना मी हॉलमध्ये पहिल्यांदाच गेले होते. मला फ्लेक्सखाली, सगळ्यांपासून जरा बाजूला, एक खुर्ची आणि टेबल दिलं होतं. वर माळ घातलेली मी, खाली पेन घेतलेली मी. दोघींचा एकत्र फोटोही एकीने काढला.

पद्धत कोणी ठरवली नाही, ती आपोआप पडली. मी सही करायची आणि प्रत जावेच्या हातात द्यायची. जाऊ मुखपृष्ठाला हळदीकुंकवाचं बोट लावायची आणि मग सवाष्णीच्या ओटीत घालायची. माझ्या हातून थेट कोणी घेतलं नाही. कोणी नाही म्हटलंही नाही. सगळ्या माझ्याशी फार प्रेमाने बोलत होत्या. "मॅडम, नावाच्या आधी सौ. लिहा हं." प्रत्येकीला सौ. हवं होतं. मी लिहीत गेले, सौ., सौ., सौ., अमुक यांना सप्रेम. पुस्तक लिहून माझ्या हाताला जेवढी सवय झाली नव्हती तेवढी त्या एका अक्षराने झाली.

एकीने विचारलं, "इसमें कुछ दुखी तो नहीं है न? घर में रखना है." दुसरी म्हणाली, "माझी नणंद गोंदियाची, तिच्या हळदीकुंकवाला हीच देऊन टाकते, ओझं नाही होत." तिसरीने मला सांगितलं की तिलाही लिहायची फार आवड आहे, पण वेळ कुठे मिळतो, "तुमचं बरं आहे." मी तिच्या नावाआधी सौ. जरा ठळक लिहिलं.

प्रती संपल्या, म्हणजे जवळजवळ संपल्या. खोकी दुमडून जावेने माळ्यावर टाकली आणि बोळ मोकळी झाली. प्रकाशकाला कळवलं तेव्हा तो इतका खूश झाला की कुकर होईपर्यंत बोलत राहिला. बाकीच्या लेखकांसाठी तो ऑनलाइन कार्यक्रम ठेवणार होता, मी त्यात बोलावं, एवढ्या कामातून मार्केटिंगला वेळ कसा काढला ते सांगावं. मी म्हटलं, त्यांना जमणार नाही, त्यांना माझी जाऊ नाही. त्याला तो विनोद वाटला. आणि कोणी वाचलं का, असं मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, संपलं म्हणजे वाचलंच की."

पण त्या दुपारचं थोडं सांगायचं राहिलं. बाया उठायला लागल्या होत्या, चपला शोधत होत्या, गेटपाशी घोळक्याने फोटो काढत होत्या. टेबलावर एक-दोन प्रती उरल्या होत्या. जावेचं लक्ष नव्हतं. मी एक उचलली आणि पोर्चमध्ये गेले. म्हातारी तिथेच होती, मांडीवर पोर झोपलेलं. सून अजून घोळक्यात होती.

मी प्रत पुढे केली. तिने हात मागे घेतला.

"मले नोको देऊ, बाई. वाण मले नाही चालत. तुले मालूम हाये न."

"हे वाण नोहे," मी म्हटलं. "पुस्तक हाये."

तिने ते घेतलं, लांब धरून पाहिलं, मुखपृष्ठावर बोट फिरवलं. "याले हळदीकुंकू नाही लावलं."

"नाही लावलं."

"मराठीच हाये न? माह्या सुनेले नाही येत, मले येते. कितीले हाये?"

"तुमच्याकडून काय घेऊ."

"काहून? त्या बायांले देल्लं ते वाण होतं. मी फुकटचं नाही वाचत." तिने पदराची गाठ सोडली, घडी केलेली नोट काढली आणि माझ्या हातात दाबली. मी घेतली. नाव लिहू का विचारलं तर लिही म्हणाली. मी तिचं नाव लिहिलं, आधी काही नाही, नंतर काही नाही.

तिने चष्मा लावला, पहिलं पान उघडलं, दोन ओळी ओठ हलवत वाचल्या आणि बोट घालून पुस्तक मिटलं.

"वाचीन मी," ती म्हणाली. "नाही आवडलं त सांगाले येईन."

"याच," मी म्हटलं. मला रडू आलं, आणि ते मी तिच्यापासून लपवलं नाही.